भिंतीकडे तोंड केलेला कॅमेरा

आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत रामभाऊ भालेरावांनी एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियनची नोकरी केली. त्या एकतीस वर्षांत त्यांच्या बरोबरचा एकही माणूस शॉक लागून गेला नाही. यात जादू काही नव्हती. कोणी मोटरीवर किंवा पंपावर कामाला बसला की रामभाऊ आधी पॅनेलमधून त्या लाइनचे फ्यूज उपसायचे, पांढऱ्या चिनी मातीचे, मुठीएवढे, आणि ते पॅनेलवर न ठेवता स्वतःच्या पँटच्या खिशात टाकायचे. काम संपवून तो माणूस समोर येऊन उभा राहीपर्यंत खिशात हात घालायचा नाही. पाटी लावली तर कोणीतरी पाटी काढतो. कुलूप लावलं तर कोणीतरी किल्ली मागतो. खिसा मात्र आपला असतो.

हा खिसा एकदा चौबळ साहेबांना नडला. श्यामकांत चौबळ तेव्हा शिफ्टचे अधिकारी होते. बॅच बिघडत चालली होती, पंप ताबडतोब सुरू व्हायला हवा होता, आणि फिटर चंदू सोनावणे कोपरापर्यंत पंपात हात घालून बसला होता.

"भालेराव, झालंय त्याचं. टाका फ्यूज."

"त्याला इथं येऊन उभा राहू द्या, साहेब."

"मी सांगतोय ना."

"तुम्ही सांगताय. तो नाही सांगत."

बॅच वाया गेली. चौबळांना वरून बोलणी बसली, रामभाऊंना मेमो मिळाला, चंदूचा हात शाबूत राहिला. चंदू ही गोष्ट पुढे वीस वर्षं सांगत असे. चौबळांनी ती कधी कोणाला सांगितली नाही, पण विसरलेही नाहीत.

पुढे कंपनीतल्या लोकांनी मिळून बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात एक सोसायटी काढली. चार मजले, चोवीस घरं, लिफ्ट नाही. चौबळ साहेब पहिल्या मजल्यावर, चंदू दुसऱ्यावर, रामभाऊ तिसऱ्यावर. सगळे निवृत्त झाले, केस गेले, दात गेले, पण जिन्यात भेटल्यावर चौबळ अजून "भालेराव" म्हणायचे आणि रामभाऊंच्या तोंडातून अजून "साहेब" निघायचं. सव्वीस वर्षांत चौबळांनी भालेरावांकडे चहा घेतला नव्हता. घरी येण्याचे प्रसंग आले, मुलाच्या, मुकेशच्या, लग्नात तर ते अहेर घेऊन वर आले होते. चहा पुढे केला की म्हणायचे, "आत्ताच झाला." जनाबाई म्हणायच्या, "या माणसाचा चहा सव्वीस वर्षं आत्ताच झालेला असतो."

जनाबाई म्हणजे रामभाऊंच्या पत्नी. मागच्या वर्षी त्यांना लकव्याचा झटका आला आणि डावी बाजू गेली. जीभ थोडी जड झाली, पण धार गेली नाही. त्यांची खाट हॉलमध्ये खिडकीला लागून टाकली, कारण आतल्या खोलीत उजेड नाही आणि माणसं दिसत नाहीत. मुलगा मुकेश गुजरातेत एका प्लांटवर, वर्षातून दोनदा येतो. सून यशोधरा उल्हासनगरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, सकाळी साडेआठला जाते ती सातला येते. मधल्या वेळात घरात दोन म्हातारी माणसं. एकदा रामभाऊ औषधं आणायला खाली गेले आणि जनाबाई पाण्याच्या तांब्यासाठी वाकल्या त्या खाटेवरून पडल्या. पाऊण तास फरशीवर. त्या दिवसानंतर यशोधरेने कॅमेरा बसवायचा ठरवला, म्हणजे लॅबमधून फोनवर बघता येईल.

नेमकं तेव्हाच सोसायटीचे सीसीटीव्ही बसत होते. सेक्रेटरी अर्थातच चौबळ. अंबरनाथचा सुजित नावाचा माणूस काम करत होता. चौबळांनी नोटीस लावली की ज्यांना घरात कॅमेरा हवा असेल त्यांनी याच वेळी नाव द्यावं, एकदम घेतले तर स्वस्त पडतात. सहा घरांनी नावं दिली. भालेरावांच्या हॉलमध्ये टीव्हीवरच्या फळीवर एक पांढरा गोल कॅमेरा आला, पेरूएवढा. यशोधरेच्या फोनवर सासूबाई दिसू लागल्या. ती जेवणाच्या सुट्टीत त्यातूनच बोलायची, "आई, गोळी घेतली का?" आणि जनाबाई फळीकडे बघून म्हणायच्या, "घेतली गं माझी आई."

मग आली रीडेव्हलपमेंट. चौबळांनी एक बिल्डर आणला आणि सगळ्यांच्या सह्या मागायला सुरुवात केली. रामभाऊ, चंदू, तळमजल्यावरच्या उमाताई अशा नऊ घरांचं म्हणणं इतकंच, की आधी तीन बिल्डरांकडून लेखी मागवा, मग ठरवू. हे नऊजण दर रविवारी पाच वाजता भालेरावांकडे जमायचे, कारण जनाबाईंना एकटं सोडून रामभाऊंना जाता येत नसे. पहिल्याच रविवारी रामभाऊंनी उठून कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काय झालं?" उमाताईंनी विचारलं.

"यशोधराला कशाला आपली भांडणं. आणि हल्ली ऐकतो ना आपण, कॅमेरे हॅक होतात म्हणून."

सगळ्यांना बरं वाटलं. माणूस जपून वागतो म्हणून चंदूने मान डोलावली. त्यानंतर दर रविवारी पाचला कॅमेरा भिंतीकडे, साडेसहाला पुन्हा खाटेकडे. रामभाऊंनी यात कधी चूक केली नाही.

आणि तरी सगळं फुटत होतं. बदलापूर गावातल्या एका इंजिनियरला कागद दाखवायचे ठरले, तर दुसऱ्या दिवशी चौबळ त्या इंजिनियरच्या घरी बसून आलेले. नऊपैकी कोण कच्चा आहे यावर बोलणं झालं, तर त्याच आठवड्यात त्या कच्च्याच्या दारात बिल्डरचा माणूस पेढे घेऊन उभा. नऊचे सात झाले, सातचे पाच. चौबळ जिन्यात भेटले की असे हसायचे, जणू तुमची पत्रिका त्यांच्या खिशात आहे.

एके दिवशी दुसऱ्या मजल्यावर चंदूने रामभाऊंना अडवलं. दार अर्धं उघडून तो उंबऱ्यातच उभा राहिला. आत या म्हणाला नाही.

"रामभाऊ, एक विचारू?"

"विचार की."

"तुमच्या घरात बोललेलं त्यांच्या घरात कसं जातं?"

"मला काय माहीत?"

"जमतो आपण तुमच्याकडे. दार तुमचं, घर तुमचं." चंदू त्यांच्या डोळ्यांकडे बघत नव्हता, खांद्याकडे बघत होता. "साहेबांनी काय कबूल केलंय? तळमजल्यावरचं घर? वहिनींना जिना नको म्हणून? तसं असेल तर सांगा सरळ. माणूस समजून घेईल."

रामभाऊंनी कठड्याला हात टेकला.

"माझा हात पंपात होता तेव्हा फ्यूज तुमच्या खिशात होते," चंदू म्हणाला. "आता कोणाच्या खिशात आहेत तेवढं सांगा." आणि दार लावलं.

रामभाऊ वर आले. पायऱ्या रोजच्याच, पण मध्ये दोनदा थांबावं लागलं. पैसा त्यांच्याकडे कधी नव्हता, शिक्षण आयटीआयपर्यंत, वक्तृत्व नाही. चार माणसांत सांगण्यासारखी एकच गोष्ट होती: या माणसाच्या हवाली जीव करावा, तो दगा देणार नाही. ती एक गोष्ट चंदूने दारात ठेवली आणि दार लावून घेतलं. आता या वयात दुसरी कुठून आणायची?

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला इलेक्ट्रिशियन उठून बसला. लाइनमध्ये फॉल्ट आहे आणि दिसत नाही, तर काय करायचं? एकेक वायर सोडवून बघायची. एका वेळी एकच.

त्यांनी तीन खोट्या बातम्या तयार केल्या. चंदूला खाली गेटवर गाठून सांगितलं, की आपण मंगळवारी ठाण्याला जाऊन रजिस्ट्रारकडे अर्ज देणार आहोत. उमाताई भाजीची जुडी द्यायला आल्या तेव्हा त्यांना जिन्यात सांगितलं, की चौबळांच्या बिल्डरची एक जुनी भानगड हाती लागली आहे. आणि तिसरी बातमी, जी सांगताना त्यांची मान खाली गेली, ती सुनेला. ती सकाळी डबा भरत होती. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना तिच्या कानाशी ते म्हणाले, "शनिवारी कल्याणहून वकील येणार आहे. कोणाला बोलू नकोस."

"मी कोणाला बोलणार, बाबा?" ती म्हणाली आणि डब्याचं झाकण दाबलं.

मग ते वाट बघत बसले. चौबळांच्या तोंडून यातली कुठली बातमी येते ते बघायचं. जी येईल ती वायर जळलेली. आठवडा संपत आला. चौबळ जिन्यात भेटले, गेटवर भेटले, हसले, पण तीनपैकी एकही बातमी बाहेर आली नाही.

त्या आठवड्यात एका दुपारी, जेवण झाल्यावर, रामभाऊ जनाबाईंच्या खाटेच्या कडेला बसले होते. टीव्ही बंद. त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं.

"मी म्हणतो, नाव काढून घेतो. सही करून टाकतो आणि मुरबाडला तुझ्या भावाकडे जाऊन राहू. मला नाही झेपत हे."

"आणि लोक म्हणतील फुटला," जनाबाई म्हणाल्या.

"म्हणतातच आहेत."

"म्हणू दे. पण जाऊन खरं कशाला करताय?"

एवढंच बोलणं. घरात तिसरं माणूस नाही. संध्याकाळी यशोधरेलाही त्यांनी हे सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दूध आणायला उतरले तर पहिल्या मजल्यावर चौबळ कठड्याला टेकून पेपर वाचत होते.

"काय भालेराव, मुरबाडला चाललात म्हणे?"

रामभाऊंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"चांगलं आहे," चौबळ पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "वहिनींनाही मोकळी हवा. जायच्या आधी सही तेवढी करा. फॉर्म आणून देऊ का वर?"

"नको, साहेब," रामभाऊ म्हणाले आणि खाली गेले. दूध न घेताच गेटबाहेर बराच वेळ उभे राहिले.

तीन खोट्या बातम्या तीन माणसांनी पोटात ठेवल्या होत्या. एक खरी गोष्ट, जी फक्त जनाबाईंना सांगितली, ती एका रात्रीत दोन मजले उतरली होती. जनाबाई खाट सोडू शकत नाहीत. त्यांच्याकडे फोन नाही. मग त्या खोलीत आणखी कोण होतं? रामभाऊंनी डोळ्यांसमोर खोली आणली. खाट, टीव्ही, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, पंखा, फळी. फळीवर पेरूएवढा पांढरा गोळा.

पण रविवारी तर आपण त्याचं तोंड फिरवतो. भिंत बघून त्याला काय कळणार? हे मनात येताच त्यांना आठवलं, की यशोधरा त्यातून बोलते आणि जनाबाई तिला उत्तर देतात. उत्तर तिला ऐकू जातं. म्हणजे गोळ्याला कान आहे. तोंड फिरवल्याने डोळा आंधळा होतो, कान बहिरा होत नाही. एकतीस वर्षं लाइन बंद आहे की नाही हे टेस्टर लावून बघितल्याशिवाय ज्याने वायरला बोट लावलं नाही, त्याने इथे नुसतं तोंड फिरवलं आणि लाइन बंद झाली असं धरलं.

उमाताईंना वर जनाबाईंपाशी बसायला सांगून ते तसेच रिक्षात बसून अंबरनाथला सुजितच्या दुकानात गेले. सुजित खोके उघडत होता.

"बोला काका, कॅमेरा बंद पडला क्या?"

"माझ्या हॉलचा कॅमेरा कोणाकोणाला दिसतो?"

"तुमच्या सूनबाईंना."

"अजून?"

सुजितने कात्री खाली ठेवली. "काका, वो ऐसा है, की सगळे कॅमेरे सोसायटीच्या एकाच अकाउंटवर टाकलेत. गेट, जिना, पार्किंग आणि तुमची सहा घरं. वेगळं करायला प्रत्येकाचा ईमेल, प्रत्येकाचा पासवर्ड लागतो. त्या दिवशी कोणालाच पटकन सांगता येईना. चौबळ साहेब म्हणाले, टाक माझ्याच नंबरवर, मी सेक्रेटरी आहे. तुमच्या सूनबाईंना तिथूनच शेअर केलंय."

"म्हणजे मालक तो. आम्ही पाहुणे."

"तसं समजा."

"आवाजपण जातो?"

"आवाज, फोटो, सब कुछ. कार्डात आठवडाभराचं साठतं, मागचंपण बघता येतं." सुजितने आपला फोन काढून दाखवला. पडद्यावर एकाखाली एक नावं होती. मेन गेट, ए जिना, भालेराव हॉल.

"हे तुझ्या फोनमध्ये काय करतंय?"

सुजितचा अंगठा थांबला. "टेस्टिंगसाठी ठेवलं होतं. काढायचं राहिलं. आई शप्पथ काका, मी उघडून बघत नाही."

"काढ. माझ्यासमोर."

त्याने काढलं. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, याला हॅकिंगसुद्धा म्हणता येत नाही. हॅकरला कुलूप तोडावं लागतं. आपण दारच त्यांच्या घरातून काढलं."

परतीच्या रिक्षात रामभाऊंच्या मनात रविवारच्या बैठका नव्हत्या. भर दुपारी बोललेलं चौबळांपर्यंत पोचलं, म्हणजे ते रविवारपुरतं नव्हतं. रोज सकाळी दहा वाजता, यशोधरा गेल्यावर, रामभाऊ कोमट पाण्याची बादली आणून जनाबाईंचं अंग पुसतात. हॉलमध्येच, त्याच खाटेवर. आधी दाराची कडी लावतात. खिडकीचा पडदा ओढतात, पडद्याची टोकं एकमेकांवर चढवून त्याला चिमटा लावतात, समोरच्या इमारतीतून दिसू नये म्हणून. आणि कॅमेरा खाटेकडे बघत असतो. बैठकीच्या आधी त्यांनी दर रविवारी आठवणीने त्याचं तोंड फिरवलं होतं. आठ महिन्यांत बायकोसाठी एकदाही नाही.

घरी येऊन त्यांनी आधी कॅमेऱ्याची पिन बोर्डातून उपसली आणि ॲडॉप्टर खिशात टाकला.

संध्याकाळी यशोधरा आल्यावर त्यांनी दोघींना बसवून सगळं सांगितलं. चंदूच्या दारातलं बोलणं, तीन बातम्या, चौबळांचं मुरबाड, सुजितचा फोन. लपवलं काही नाही, कारण लपवण्याचा त्यांना उबग आला होता.

यशोधरेने एकच विचारलं. "कल्याणचा वकील?"

"नव्हताच कोणी."

"मी शनिवारची रजा टाकलीय त्याच्यासाठी. बाहेरचा माणूस येणार, घरात कोणीतरी असावं म्हणून." ती शांतपणे बोलत होती, ते जास्त लागत होतं. "आठ वर्षं झाली या घरात, बाबा. तुम्हाला माझी परीक्षा घ्यावी लागली. त्या माणसाची घेतली नाहीत कधी, त्याच्या हातात आख्खं घर दिलंत."

"नोटीस बघून कॅमेरा घ्यायचं तूच..." रामभाऊ म्हणाले. तिने ते ऐकून सोडून दिलं. उठून गेली आणि स्वयंपाकघरात भांडी गरजेपेक्षा जास्त वाजू लागली.

जनाबाई छताकडे बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "म्हणजे दहा वाजताचं."

"हो."

"तुम्ही पडद्याला चिमटा लावत होतात."

"हो."

"चिमटा," जनाबाई म्हणाल्या आणि उजव्या हाताने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. उकाडा होता तरी. पुढे त्या रडतील असं रामभाऊंना वाटलं. त्या रडल्या नाहीत.

"फेकून देऊ का तो?" रामभाऊंनी विचारलं.

"थांबा. रविवार कधी आहे?"

"परवा."

"लोकांना बोलवा. चंदूभाऊजींना तर नक्की. आणि त्याचं डबडं लावा परत, तोंड भिंतीकडे करून. दोन दिवस नेट गेलं होतं असं वाटू दे त्याला."

चंदू यायला तयार नव्हता. उमाताईंनी त्याला हाताला धरून आणला. पाचजण हॉलमध्ये बसले. यशोधरा स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. रामभाऊंनी सगळ्यांना आधीच जिन्यात सांगून ठेवलं होतं, की आत गेल्यावर कोणी अवाक्षर काढायचं नाही, फक्त बघायचं. चंदूच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं, की आता हे नवीन नाटक. पाच वाजता रामभाऊंनी पिन लावली. गोळ्यातला हिरवा ठिपका भिंतीवर उमटला.

जनाबाईंनी घसा खाकरला.

"अहो, ऐकलं का?" त्या म्हणाल्या. "चंदूभाऊजी फुटले. सही करतो म्हणाले. खाली गेटवर उभे आहेत, साहेबांची वाट बघत. म्हणाले, घरी नको, बायको बोंब मारेल, गेटवरच करतो."

चंदूचं तोंड उघडलं. उमाताईंनी त्याच्या मनगटाला चिमटा काढला.

"आणखी पाच मिनिटं थांबतो म्हणाले," जनाबाईंनी जोडलं. "नाही आले साहेब तर जातो म्हणाले."

खिडकी खाटेला लागूनच होती. सगळे तिथे दाटीने उभे राहिले. खाली गेट, शेजारी वॉचमनची रिकामी खुर्ची, खुर्चीवर एक मांजर.

तीन मिनिटंसुद्धा झाली नसतील. जिन्यातून चौबळ साहेब बाहेर आले. घरातला झब्बा, पायात स्लिपर, बगलेत निळी फाइल, हातात उघडं पेन. एका कानात इअरफोन, त्याची वायर खिशातल्या फोनला. ते गेटपर्यंत आले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गेटबाहेर डोकावले. खुर्चीवरच्या मांजराकडेही बघितलं.

"च्यायला," चंदू ओठातल्या ओठात म्हणाला.

जनाबाई उठू शकत नव्हत्या. त्यांना खालचं काही दिसत नव्हतं. त्यांनी फक्त रामभाऊंच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि रामभाऊंनी मान हलवली.

मग त्या बोलल्या. आवाज चढवला नाही. नेहमी खाटेवरून पाणी मागतात तितकाच.

"साहेब, चंदूभाऊजी खाली नाहीत. इथं आहेत, माझ्या खाटेपाशी."

तीन मजले खाली चौबळांची मान झटक्यात वर झाली.

खिडकीत सहा चेहरे होते. कोणी हललं नाही. गेटपाशी तो माणूस पेन उघडं धरून वर बघत राहिला, आणि वरून खाली एक शब्दही कोणी टाकला नव्हता, तरी त्याला ऐकू आलं होतं, हे सहाजणांनी डोळ्यांनी बघितलं.

"वर या की," जनाबाई म्हणाल्या. "आज तरी चहा घ्या. लाजता कशाला? तुम्ही मला रोज दहाला बघता, मी तुम्हाला चहाला बोलवू नये का? मालिनीबाईंना पण आणा. त्यांना सांगा, नवरा दहा वाजता काय बघत बसतो ते."

चौबळांनी कानातली वायर ओढली. फाइल बगलेतून सटकून खाली पडली, कागद गेटभर झाले. ते वाकून एकेक कागद गोळा करायला लागले आणि मध्येच थांबून, अर्धे कागद तिथेच टाकून, आत निघून गेले.

उमाताईंचा हात तोंडावर गेला होता. "दहाला म्हणजे?" त्यांनी विचारलं, आणि खाटेकडे, फळीकडे बघून पुढचं विचारलं नाही. "माझ्याकडेपण आहे हा," त्या म्हणाल्या. "माझ्या आतल्या खोलीत आहे. माझी पोरगी पायल तिथं झोपते." आणि चप्पल न घालता जिन्यावरून धावत गेल्या.

त्या रात्री सहाही घरांतल्या पिना निघाल्या.

सोमवारी यशोधरा रजेवर राहिली. शनिवारची रजा तिने बदलून घेतली होती. पोलीस स्टेशनला तक्रार द्यायची, तर काय काय दिसलं असेल तेही लिहावं लागणार. रामभाऊ अडखळले. म्हणाले, तेवढं वगळून लिहू. जनाबाई म्हणाल्या, "का वगळायचं? लाज त्याने बाळगायची की मी? लिही गं पोरी. वेळपण लिही, दहा." यशोधरेने लिहिलं. उमाताईंनी स्वतःची वेगळी तक्रार दिली. चौबळांनी सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक संदेश टाकला, की आपण सर्वांच्या सुरक्षेसाठीच एक जबाबदारी स्वीकारली होती, तिचा विपर्यास होत आहे. खाली कोणी अंगठ्याचं चित्रसुद्धा टाकलं नाही. मालिनीबाई महिनाभर बहिणीकडे गेल्या त्या अजून आलेल्या नाहीत. चौकशी चालू आहे. कुठवर जाईल, सांगता येत नाही.

सुजितने येऊन जुनं अकाउंट पुसलं. यशोधरेने नवीन काढलं, स्वतःच्या नंबरवर. पासवर्ड तिने टाकला तेव्हा सुजितला तोंड फिरवायला लावलं. दुसऱ्या कोणत्याही फोनवर कोणी उघडायला गेलं तर आधी तिच्या फोनवर आकडा येतो, तो सांगितल्याशिवाय उघडत नाही. माइक बंद केला. मग सुजितच्या शब्दावर विश्वास न ठेवता ती खाली गेटपर्यंत गेली, सासूबाईंना वर गाणं म्हणायला सांगितलं आणि फोन कानाला लावून खात्री करून घेतली. रामभाऊ हे बघत होते. टेस्टर लावून बघणं यालाच म्हणतात, असं त्यांना म्हणायचं होतं. म्हणाले नाहीत. ती अजून त्यांच्या हातात चहा देत नाही, टेबलावर ठेवून जाते.

चंदू त्या रविवारनंतर चौथ्या दिवशी वर आला. दारात उभा राहिला.

"रामभाऊ, जीभ घसरली माझी."

"घसरली नाही. विचार करून बोललास."

"हो," चंदू म्हणाला. "विचार करूनच बोललो."

"मीपण तुला खोटं सांगून बघितलं. ठाण्याचं."

"ते खोटं होतं?" चंदूने डोळे मोठे केले. "मी मंगळवारी नवीन शर्ट घालून गेटवर उभा होतो, तासभर."

रामभाऊंना हसू आलं नाही. "आत ये," एवढंच म्हणाले. चंदू आला. पण दोघं पहिल्यासारखे बसले नाहीत. एक खुर्ची मध्ये रिकामी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता रामभाऊंनी बादली आणून खाटेपाशी ठेवली. दाराची कडी लावली. पडदा ओढला, चिमटा लावला. मग फळीपाशी गेले. कॅमेऱ्याचं तोंड फिरवलं नाही. बोर्डातून पिन उपसली, हिरवा ठिपका गेला तो नीट बघितला, आणि ॲडॉप्टर शर्टाच्या खिशात टाकला. खिसा वरून चाचपला.

"झालं का तुमचं?" जनाबाई म्हणाल्या. "पाणी गार होतंय."

रामभाऊंनी पंचा पिळला आणि तिचा डावा हात, जो स्वतःहून वर येत नाही, आपल्या हातात घेऊन वर केला.